कोपरावरचं ठिगळ

मापाला उभा राहिलेला माणूस पोट आत घेतो. शेतकरी घेतो, शाळामास्तर घेतो, नवरदेव तर एवढं घेतो की त्याला श्वास सोडायची आठवण करून द्यावी लागते. पण पुढारी जेवढं आत घेतो तेवढं कोणीच घेत नाही. त्या खोट्या पोटावर टेप धरून सदरा शिवला तर पहिल्याच सभेत बटण तुटून पहिल्या रांगेत जाऊन पडणार आणि नाव माझं खराब होणार. म्हणून मी एक युक्ती काढली होती. टेप पोटाभोवती टाकायचा आणि सहज विचारायचं, "साहेब, समोरची पार्टी काय म्हणते यंदा?" साहेब उसळून बोलायला लागायचे, श्वास सुटायचा, पोट आपल्या मूळ जागी यायचं आणि मी आकडा वहीत उतरवून घ्यायचो. पंचवीस वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नाही.

भोकरदनच्या बसस्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान होतं. जालना जिल्हा झाला त्याच वर्षी मी ते टाकलं. लोक म्हणायचे, जिल्हा होऊन आपल्याला काय मिळालं? मला तर खूप मिळालं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कमिट्या, नवे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती आणि त्या प्रत्येक खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले दहा-दहा जण. त्या सगळ्यांना पांढरे कपडे लागायचे. जुन्या जालन्यातल्या ठोक दुकानांतून खादीचे आणि टेरीकॉटचे तागे एस.टी.च्या टपावर टाकून आणायचे आणि शिवत बसायचं. मी आयुष्यात कोणत्याच पार्टीचा झालो नाही, कारण मला सगळ्याच पार्ट्यांची छाती आणि घेर पाठ होता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पांढरा सदरा म्हणजे पांढरा सदरा, त्यात काय पाहायचं? पाहायचं असतं ते कपडा कुठे झिजला ते. कारकुनाची उजवी बाही मनगटापाशी झिजते. वाण्याच्या धोतराला मागे गादीचा डाग असतो. सायकलवरून फिरणाऱ्या शाळामास्तरची पँट कुठे विरते ते मी इथे लिहीत नाही, दिवाळी अंक घरात सगळे वाचतात. सांगायचा मुद्दा असा की दुरुस्तीला आलेला कपडा पाहून मी माणसाचा धंदा सांगायचो आणि लोक चाट पडायचे. मला त्याची घमेंड होती. ती कशी उतरली तेच आज सांगायला बसलो आहे.

आमच्या दुकानाबाहेर एक लांब बाकडं होतं. गाडीची वाट पाहणारी कॉलेजची पोरं त्याच्यावर बसायची. दहा मिनिटांसाठी यायची आणि दोन तास हलायची नाहीत. समोरून जाणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याचा निकाल त्या बाकड्यावर लागायचा. सुरुवातीला या निकालाला कोणी विचारत नव्हतं, कारण पोरांना मत नव्हतं. मग मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं आणि एका रात्रीत त्या बाकड्याला भाव आला. ज्यांनी कधी पोरांकडे मान वळवून पाहिलं नव्हतं ते जीप थांबवून "काय म्हणतो अभ्यास?" असं विचारायला लागले. पोरं म्हणायची, "चालू हाय साहेब," आणि जीप पुढे गेली की म्हणायची, "आपल्या वर्गाचं नाव सुद्धा माहीत न्हाई याला."

पोरांच्या परीक्षा अजब होत्या. भाषण त्यांच्या खिजगणतीत नसायचं. म्हणायची, भाषण तर दुसऱ्यानं लिहून दिलेलं असते. ती पाहायची, खुर्ची पुढे केली तर माणूस बसण्याआधी रुमालाने झटकतो का. मी मातीतला आहे म्हणणाऱ्याला एकाने विचारलं होतं, "भोकरदनहून तुमच्या गावाला शेवटची गाडी किती वाजता हाय?" साहेब म्हणाले, "गाडी? ती काय बाहेर उभी आहे की!" आणि जीपकडे बोट दाखवलं. झालं, ते तिथेच नापास. एकदा एका उमेदवाराने बाकड्यावर बसून पोरांच्या डब्यातला ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि वाहवा करून निघून गेला. मला वाटलं, पोरं खूश झाली असतील. तर एकजण म्हणाला, "मास्टर, खरा माणूस भाकरी मोठी तोडतो. खोटा माणूस ठेचा मोठा घेतो."

पण त्यांचंही चुकायचं. आमच्याकडे एक म्हातारे पुढारी होते, सदऱ्याची कॉलर विरलेली, धोतराला गाठी. पोरं त्यांना फार मानायची. अशी साधी माणसं आता राह्यली न्हाईत, म्हणायची. मला मात्र माहीत होतं की हे गृहस्थ कमालीचे चिक्कू आहेत. खिशाचं अस्तर म्हणून घरचा जुना पडदा आणून द्यायचे आणि उरलेला तुकडा घडी करून परत न्यायचे. दुसरे एक शहागडकडचे व्यसनमुक्तीवर फार तळमळीने बोलायचे. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला आतून, डाव्या बगलेखाली, तंबाखूच्या पुडीपुरता चोरखिसा मीच लावायचो. भर उन्हाळ्यात एका सभेत घामाने तो खिसा पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी उमटला. पुढच्या वेळी ते म्हणाले, "मास्टर, खिसा मेणकापडाचा करा." मी केला. गिऱ्हाइकाचं गुपित गिऱ्हाइकासारखंच सांभाळावं लागतं.

माझी मोठी मुलगी शैला तेव्हा भोकरदनच्याच कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दुकानातले काज-बटण आणि तुरपाई ती घरी करायची. शिंप्याच्या घरात पोरींच्या बोटांना सुई लवकर चिकटते. शैलाचे काज असे बारीक की जालन्याचे टेलर विचारायचे, मशीन कोणतं आणलं?

अशात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि एक दिवस दादाराव वकील दुकानात आले. घराणं इथलंच, भोकरदनपासून दोन कोसांवर मोठी शेती, पण स्वतः दादाराव अठरा-वीस वर्षं औरंगाबादला कोर्टात वकिली करत होते. आता गावच्या गटातून उभे राहिले होते. बाकड्याने त्यांचा निकाल आधीच लावला होता. पोरं त्यांना 'पाव्हणे' म्हणायची. 'पाव्हणे आले, च्या ठेवा.'

दादारावांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मास्टर, असा सदरा शिवा की ह्या पोरांना वाटलं पाहिजे, मी रानातून सरळ इथं आलो."

"वकीलसाहेब, सदरा काय रानातून येतो? ताग्यातून येतो."

"तेच तर म्हणून राह्यलो. ताग्यातून आल्यावानी दिसला न्हाई पाहिजे."

आता खरं सांगायचं तर मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. पण कारागिराला कोणी अवघड काम सांगितलं की त्याच्या हाताला खाज सुटते. मी जाडी खादी घेतली. सदरा शिवून सोड्यात उकळला, उन्हात टाकला, पुन्हा उकळला. कॉलर विटेवर घासली. चहाच्या चोथ्याच्या पाण्यात बुडवून त्याचा पांढरेपणा घालवला. आठ दिवसांत तो सदरा आठ वर्षांचा झाला. शेवटी उजव्या कोपरापाशी कापड थोडं विरवलं आणि त्यावर त्याच खादीचं ठिगळ लावलं, चारी कडा दुमडून, बारीक टीप मारून. ठिगळ असं बसलं की हात फिरवला तर बोटाला कळू नये.

बटणं लावायला सदरा घरी नेला. शैलाने तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"नाना, ह्याच्या आतल्या शिवणी तर नव्या हायेत. मंग ठिगळ कशाला?"

"गिऱ्हाइकाची हौस."

"हौसेला लोक भरतकाम करून घेतात," ती म्हणाली, पण काज करून दिले.

आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारतळावर दादारावांची सभा झाली. समोर पोरं, डाव्या बाजूला कॉलेजच्या चार-सहा मुली, त्यांत शैला. मी पानटपरीला टेकून उभा होतो. आपण केलेलं काम बाहेर कसं दिसतं ते कोणता शिंपी पाहत नाही? दादाराव बोलता बोलता उजवा हात वर करायचे, ठिगळ उन्हात उठून दिसायचं आणि माझी छाती फुगायची. "मी मातीतला माणूस आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात पोरांतून रामेश्वर उठला. जवळच्याच खेड्यातला, बापाची कोरडवाहू शेती, पोरगा हुशार आणि जिभेला हाड नाही. बाकड्यावरचा सरन्यायाधीशच म्हणा ना.

"वकीलसाहेब, एक विचारू का?"

"विचार की बाबा."

"हा सदरा कव्हा फाटला?"

दादाराव कोर्टातले असूनही उलटतपासणीत सापडले. "अरे, रानात काम करता करता फाटला. कपाशीवर फवारणी चालू होती."

"फवारणीचा पंप पाठीवर असते, पट्टे खांद्यावर येतात. माझ्या बापाचे दोन्ही खांदे फाटेल हायेत, कोपरं साबूत हायेत. तुम्ही पंप काय कोपराला टांगून राह्यले का?"

अख्खा बाजारतळ हसला. भाजीवाल्या बायाही तराजू खाली ठेवून हसल्या. तोवर दुसऱ्या एका पोराने स्टेजजवळ जाऊन बाही निरखली होती. "अरे, हे तर मास्टरची टीप हाय! आमच्या मायच्या हातचं ठिगळ असं सरळ असते का कधी?" सगळ्यांच्या माना पानटपरीकडे वळल्या. मी पान तोंडात धरून उभा होतो. ते चावता येईना आणि थुंकताही येईना.

घरी आलो तर शैलाने खुंटीवरचे माझे तीन सदरे काढले आणि एकेक करून माझ्यासमोर ठेवले. तिन्हींची उजवी कोपरं विरलेली होती आणि तिन्हींना तिने वेळोवेळी रफू केलेलं होतं.

"नाना, तुमचं कोपर मशीनच्या फळीवर टेकते, म्हणून तिथं झिजते. तुम्ही तुमचंच ठिगळ वकीलसाहेबांना लावलं."

खरंच होतं ते. कारकून, वाणी, मास्तर सगळ्यांचे कपडे माझ्याकडे दुरुस्तीला यायचे, पण शेतकऱ्याचा फाटका सदरा कधीच नाही. तो घरची बाई चुलीपाशी बसून शिवते. शेतकरी माझ्याकडे येतो तो लग्नाला नाहीतर पोळ्याला, नवं कापड घेऊन. त्याचा खांदा मी मापापुरता पाहिला होता, फाटलेला कधी पाहिलाच नव्हता. एवढी घमेंड करून शेवटी मला एकच झिजलेला माणूस ठाऊक होता, तो म्हणजे मी.

मग ती म्हणाली ते मला आजही लागतं. "यंदा माझं पहिलं मत हाय. कॉलेजात मुली मला विचारून राह्यल्या, कोण खरं वाटते? मी काय सांगू? ज्याचा सदरा बघावा त्याचे काज मीच केलेले असतात. कोणावर इश्वास ठेवायचा म्हणलं की मला आधी तुमचं दुकान दिसते."

"आपण शिवायचं काम करतो, शैला."

"शिवा. पण न झिजलेलं झिजवून देऊ नका. न्हाईतर माझ्याकडं काज आणू नका."

मी शब्द दिला. लेकीला दिला म्हणून तो जरा जडच वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाराव दुकानात आले. मला वाटलं, सदरा तोंडावर फेकतील. बाकड्यावर पोरं होती, रामेश्वरही होता. दादारावांनी पिशवीतून एक काळा कोट काढला आणि माझ्या फळीवर पसरला. वकिलीचा कोट. दोन्ही कोपरं झिजून झिजून चकाकत होती, एका जागी तर अस्तर दिसत होतं.

"मास्टर, तुमची काही चूक न्हाई. अठरा वर्षं मी टेबलावर कोपरं टेकूनच बसलो. ह्या गटातल्या निम्म्या बांधांच्या भांडणाचे कागद ह्याच कोटात बसून वाचले. हाच घालून गेलो असतो तर?"

रामेश्वर बाकड्यावरून उठून आत आला. त्याने कोटाच्या कोपरावरून बोट फिरवलं. त्याच्या बापाचा बांधाचा दावा दादारावांनीच चालवला होता, आणि फी म्हणून दिवाळीला एक पायली तूर तेवढी घेतली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रामेश्वरालाही ठाऊक होतं. "काल म्हणले असते ना साहेब, हे," तो पुटपुटला.

"कालच्या सदऱ्यात ते बोलता आलं नसतं," दादाराव म्हणाले.

ते पडले. निवडून आला तो तिसराच, ज्याने एकही सभा घेतली नव्हती आणि ज्याच्या सदऱ्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. पोरांनी ठिगळ बरोबर ओळखलं आणि माणूस गमावला. त्यात त्यांच्यापेक्षा माझा वाटा मोठा, असं मला वाटत आलं आहे. दादाराव पुढे शेवटपर्यंत माझ्याकडेच कपडे शिवायचे. कोपराला आतून दुहेरी कापड लावा एवढंच सांगायचे.

त्या सभेची कीर्ती मात्र तालुकाभर झाली. उमेदवारांनी ठिगळांचा नाद सोडला आणि नवे नाद धरले. एकजण आला, म्हणाला, "मास्टर, सभेत मी सांगणार हाय, माझ्या हातून चुका झाल्या. त्याला शोभंल असं काही शिवा." मी म्हटलं, चुकीच्या मापाचं शिवू का? तो गंभीरपणे म्हणाला, "फार चुकीचं नको." शैलाला दिलेला शब्द मी पाळत होतो. नवं ते नवं दिसेल असंच शिवत होतो. धंदा थोडा उतरला, पण काज तिच्याच हातचे मिळत होते.

दहा-बारा वर्षं गेली. बाकड्यावर नवी पोरं आली, आता त्यांत पोरीही बसायला लागल्या. शैला भोकरदनमध्येच शाळेत शिक्षिका झाली होती, रविवारी दुकानात चक्कर टाकायची. आणि रामेश्वर, ज्याने एस.टी.च्या पाससाठी, खताच्या टंचाईसाठी मोर्चे काढून नाव केलं होतं, तो स्वतः पंचायत समितीला उभा राहिला. मला आनंद झाला. म्हटलं, आता परीक्षकच परीक्षेला बसतोय.

तो दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर जुना नेहरू शर्ट. दोन्ही खांद्यांवर ठिगळं, वेगवेगळ्या कापडांची, टाके मोठे, वाकडे, दोरा उडालेला. फवारणीच्या औषधाचा वास अजून येत होता.

"बापाचा हाय," रामेश्वर म्हणाला. "ठिगळं मायच्या हातची. मास्टर, ह्यात बिलकुल खोटं काही न्हाई. फक्त मला बराबर बसला पाहिजे. बापाची आंगलोट मोठी हाय ना."

मी सदरा हातात घेऊन बसलो. शब्द दिला होता तो न झिजलेलं झिजवायचं नाही असा. हे तर झिजलेलंच होतं. सदरा खरा, ठिगळ खरं, जागासुद्धा खरी. शैला तेव्हा शाळेत होती. रविवारपर्यंत थांबून तिला विचारता आलं असतं, पण मी थांबलो नाही. विचारलं तर ती काय म्हणेल ते मला माहीत होतं, हेच खरं कारण.

टेप घेतला आणि त्याच्या पोटाभोवती टाकला. रामेश्वरने पोट आत घेतलं. आत घ्यायला त्याला पोट नव्हतं, तरी घेतलं. मी मनात म्हटलं, झाला हा पुढारी.

खांदे दोन्ही बाजूंनी आत घेतले, बगला कापल्या, घेर कमी केला. ठिगळांना हात लावला नाही. सभा बाजारतळावरच झाली. नवी पोरं पुढे बसली होती, आणि त्यांनाही सगळ्या परीक्षा माहीत होत्या, कारण त्या रामेश्वरनेच घालून दिल्या होत्या. एक पोरगी उठली आणि तिने खांद्याबद्दल विचारलं. रामेश्वरने तिला स्टेजवर बोलावून ठिगळ हाताने पाहू दिलं. ती म्हणाली, "टाके घरचे हायेत." टाळ्या पडल्या. पेपर काढणाराच परीक्षेला बसला तर नापास कशाला होईल? तो दणक्यात निवडून आला.

पाऊसकाळात एका रविवारी रामेश्वरचे वडील किसनभाऊ दुकानात आले. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. शैला आत बसून माझ्याशी बोलत होती. किसनभाऊ दारातच उभे राहिले.

"मास्टर, पोरानं माझा सदरा तुमच्याकडं आणल्ता म्हने. झाला असंल तर द्या. फवारणी आली. नवा सदरा घालून औषध मारायचं म्हणलं तर जिवावर येते."

त्यांना वाटत होतं, सदरा दुरुस्तीला दिला आहे. पोराच्या सभेला ते आलेच नव्हते, रानात होते. मी शैलाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं, कारण ती सभेला होती आणि ती ठिगळं तिने पाहिली होती. मला वाटत होतं, तिने बोलावं.

"किसनभाऊ, तो सदरा रामेश्वरकडे आहे," मी म्हणालो. "त्याच्या मापाचा केला मी."

"मंग परत माझ्या मापाचा करा."

"होणार नाही. खांदे कापले."

किसनभाऊंनी आपल्या खांद्यावर हात ठेवला, जसा काही तोच कापला असावा. "चांगला होता," एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटली, अशी की पानटपरीपाशीसुद्धा वाटली नव्हती. तेव्हा माझा अंदाज चुकला होता, या वेळी मी डोळे उघडे ठेवून कातर चालवली होती.

मी त्यांना बसवलं आणि माप घेतलं. त्यांनी पोट आत घेतलं नाही. चांगलं जाड कापड काढलं आणि शिवायला बसलो. शैला उठली, सुईत दोरा ओवला आणि कोपऱ्यात बसली. "काज मी करते," ती म्हणाली. मला कोणी माफी दिली, असं नाही वाटलं. पण सुई चालू झाली हे बरं वाटलं.

चार दिवसांनी किसनभाऊ सदरा न्यायला आले. बाकडं भरलेलं होतं. त्यांनी सदरा अंगात घातला, हात मागे-पुढे करून पाहिले आणि मग खांद्यावर बोट फिरवलं. तिथे मी दोन्ही बाजूंना आतून-बाहेरून दुहेरी कापड बसवलं होतं.

"हे काय?"

"पंपाच्या पट्ट्यानं लवकर फाटू नये म्हणून आधीच लावलं," मी म्हणालो.

किसनभाऊ मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "न फाटता ठिगळ? मास्टर, मी काय इलेक्शनला उभा राह्यलो का? काढा ते. आधी मी झिजवतो, मंग घरी लावतील."

मी ब्लेड घेऊन ते ठिगळ उसवायला बसलो. किसनभाऊ वाट पाहत बाकड्यावर पोरांमध्ये जाऊन टेकले, खुर्ची न झटकता, कारण खुर्ची नव्हतीच. पोरं त्यांच्याकडे पाहत होती. मग त्यांतली एक पोरगी म्हणाली, "काका, तुम्हीच का न्हाई उभे राहत? आम्ही सगळे तुम्हाला मत देऊ."

"मला येळ न्हाई बाई," किसनभाऊ म्हणाले, "फवारणी हाय."